‘गहाळ’ नाही, ‘चोरी’ : जिभाऊंना जाहीर आभारपत्र

आदरणीय जिभाऊ,

साष्टांग नमस्कार.

तुमच्या ओट्यावर येऊन आभार मानायचा मी दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा तुम्ही केळीचा भाव विचारून विषय बदललात. दुसऱ्यांदा वहिनींना चहा मांडायला सांगितलात आणि लाइट कधी येते, पंप कधी चालतो यातच संध्याकाळ घालवलीत. म्हणून आता चारचौघांसमोर लिहितोय. इथं तुम्हाला मध्येच बोलता येणार नाही.

आमचं स्पेनला जायचं ठरलं तेव्हा चोपडा तालुक्यात मी कुणाला सांगायचं सोडलं नव्हतं. दर ऑक्टोबरात माद्रिदला फळांचं मोठं प्रदर्शन भरतं, ‘फ्रूट अट्रॅक्शन’ म्हणतात त्याला. ते बघायचं आणि पुढं दक्षिणेला आल्मेरियाला जायचं. तिथं ३० हजार हेक्टरच्या आसपास जमीन प्लॅस्टिकखाली आहे, भाजीपाल्याची. आपल्या ठिबकवाल्यांनी बघावीच अशी जागा. गावात ज्याला सांगितलं त्यानं विचारलं, खाणार काय? कुणी म्हणालं, कळण्याच्या भाकरी बांधून ने. तुम्ही एकट्यानंच वेगळं विचारलंत.

“तठे पोलिसनी हात धरा ते काय बोलशी?”

मी म्हटलं, मोबाइल आहे ना, तो भाषांतर करतो. त्यावर तुमचा दुसरा प्रश्न लगेच आला, “आन मोबाइलच चोरी गया ते?”

जिभाऊ, त्या क्षणी मला तुमचा राग आला होता. शुभकार्याला निघालेल्या माणसाला हा अपशकुन कशाला, असं वाटलं. माझ्या पिशवीत प्रवाशांसाठीचं एक छोटं पुस्तक होतं, तेही मी तुम्हाला दाखवलं. त्यात पोलिसांचं एक पान होतं. तुम्ही चष्मा लावून ते वाचलंत आणि परत दिलंत. म्हणालात, हे लिहिणारा ठाण्याची पायरी कधी चढलेला नाही.

मग वजनकाट्याच्या पावत्यांचा गठ्ठा ओढलात आणि पाठकोऱ्या बाजूवर लिहायला लागलात. ३१ वर्षं पोलिसातली नोकरी, त्यातली निम्मी ठाणे अंमलदाराच्या टेबलामागं गेलेली. लिहिताना तुम्ही जे सांगितलंत ते मला आजही शब्दशः आठवतं. घाबरलेला माणूस ठाण्यात येऊन गोष्ट सांगतो आणि टेबलावरच्या माणसाला रकाने भरायचे असतात. तू त्याला रकान्यातलं दे. काय गेलं, कुठं गेलं, किती वाजता, किंमत किती, कुणावर संशय. गोष्ट नंतर.

पहिली पावती ‘फिर्याद’ची. दुसरीवर तीन शब्द, एकाखाली एक : गहाळ, चोरी, जबरी चोरी. तेव्हा मला हे तीन वेगळे का लागतात ते कळलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत, ‘हरवलं’ म्हणालास तर दाखला मिळेल आणि विषय संपेल, ‘चोरलं’ म्हणालास तर गुन्हा होईल. आणि चोरीतही कलम ३७९ वेगळं, ३९२ वेगळं. कुणी नकळत उचललं तर चोरी, धाक दाखवून किंवा मारहाण करून नेलं तर जबरी चोरी. (१ जुलै २०२४ पासून दंडसंहितेतली ही कलमं नव्या भारतीय न्याय संहितेत ३०३ आणि ३०९ झाली, पण तुमच्या तोंडी अजून जुनेच आकडे आहेत.) तिसऱ्या पावतीवर साक्षीदार, सही, शिक्का, प्रत. चौथीवर लाल शाईनं वकील, दुभाषी, वकिलात. लाल का, तर हे शब्द वापरायची वेळ येऊ नये म्हणून.

पुण्याला माझी पुतणी स्पॅनिश शिकते. तिनं दुसरा रकाना भरला. फिर्याद म्हणजे ‘देनुन्सिआ’, पण स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी तो ‘स’ जीभ दातांत धरून ‘थ’सारखा उच्चारतात. चोरी म्हणजे ‘उर्तो’. जबरी चोरी म्हणजे ‘रोबो’. यावर तुम्ही किती हसलात! गहाळ म्हणजे ‘एक्स्त्राबीओ’, आणि बोलताना ‘मी हरवलं’ म्हणायचं तर ‘ए पेर्दीदो’. साक्षीदार ‘तेस्तीगो’. वकील ‘आबोगादो’. वकिलात ‘एम्बाखादा’. दुभाषी ‘इन्तेरप्रेते’, आणि तुम्ही लगेच, “प्रेते म्हन ना, ध्यानमा राही.” राहिलं. सही म्हणजे ‘फिर्मा’. फिर्यादीवर फिर्मा, हाही तुमचाच जोड.

एक गोष्ट पुतणीनं सांगितली ती इथं सांगतो, कारण पुढं जाणाऱ्यांना धीर येईल. इंग्रजांचे ट आणि ड स्पॅनिशमध्ये नाहीत. त्यांचे त आणि द आपल्यासारखेच दाताला जीभ लावून निघतात. ‘तेस्तीगो’, ‘आबोगादो’ देवनागरीत लिहावं आणि तसंच वाचावं. आकडे तर नातेवाइकांसारखे भेटतात. दोनला दोस, सातला सिएते, नऊला नुएबे.

लाल पावतीवरचंही तिनं शोधून दिलं. परदेशात अटक झाली तर आपल्या वकिलातीला कळवायला सांगण्याचा हक्क आपल्याला असतो आणि पोलिसांनी तो आपल्याला सांगायचाही असतो. १९६३ च्या व्हिएन्ना करारातलं ३६ वं कलम. युरोपीय संघात २०१० पासून असाही नियम आहे की संशयिताला भाषा कळत नसेल तर दुभाषी सरकारी खर्चानं द्यायचा. हे ऐकून तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग म्हणालात, आपल्याकडं पावरी ही आदिवासी बोली बोलणारा माणूस सातपुड्यातून खाली यायचा, तेव्हा त्याचा जबाब आम्ही मराठीत लिहून घ्यायचो आणि अंगठा घ्यायचो. त्यापुढं काही बोलला नाहीत. मीही विचारलं नाही.

आणि ती तालीम! रोज संध्याकाळी तुम्ही ओट्यावर खुर्ची टाकून स्पेनचे हवालदार व्हायचात. स्पॅनिशचं अक्षर माहीत नसताना पावती बघून मला दरडावायचात. मी खाली अंगणात उभा. शेजारची पोरं गोळा व्हायची. पासपोर्टचा नंबर तुम्ही माझ्याकडून स्पॅनिश आकड्यांत पाठ करून घेतलात, रात्री फोन करून विचारायचात. बायको म्हणायची, दहावीला एवढा अभ्यास केला असता तर. आणि प्रत्येक तालमीच्या शेवटी तुम्ही कागद पुढं सरकवायचात. मी सही करायला हात पुढं केला की हातावर फटका. “समजाशिवाय सही करानी नही.”

आता झालं ते सांगतो. गावात त्याच्या चार आवृत्त्या फिरतायत, एकीत तर मी चोराला धरलाय.

माद्रिदचं प्रदर्शन छान झालं. तिथं एक मजा कळली. कॅनरी बेटांवरच्या केळ्याला ते लोक ‘प्लातानो’ म्हणतात आणि बाहेरून आलेल्याला ‘बनाना’. म्हणजे आपलं केळं तिथं गेलं तरी पाहुणंच. नंतर आल्मेरियाच्या वाटेवर एका गावात बस बदलायची होती. मी बाकावर बसलो, बॅग शेजारी. एक माणूस नकाशा घेऊन आला आणि बोटानं काहीतरी विचारू लागला. मी मान वाकवून बघितलं, नाही म्हटलं. तो गेला. शेजारी बॅग नव्हती. पासपोर्ट, मोबाइल, चष्मा, तुमच्या पावत्या, सगळं तिच्यात. बायकोनं बंडीला शिवलेल्या चोरखिशात पासपोर्टची झेरॉक्स आणि ५० युरो राहिले, तेवढेच.

आमच्या गटात इंग्रजी बरी बोलणारे दोघं होते, पण ठाण्यात समोर बसलेल्या तरुणाचं इंग्रजी माझ्याएवढंच. माद्रिदला लेगानितोस रस्त्यावरच्या पोलीस ठाण्यात परदेशी पर्यटकांसाठी वेगळा कक्ष आहे, हे मला नंतर कळलं. इथं तसं काही नव्हतं. टेबल, संगणक, मागं राजाचा फोटो, आणि तो. तोंडाला कोरड पडली होती. पहिलं वाक्य निघालं, “किएरो पोनेर ऊना देनुन्थिआ.” फिर्याद द्यायचीय. त्यानं खुर्ची पुढं घेतली.

जिभाऊ, त्यानं रकानेच विचारले. अगदी तुमच्याच क्रमानं नाही, पण रकानेच. झेरॉक्सवर नंबरचा शेवटचा आकडा घडीत पुसला होता. मी डोळे मिटून पूर्ण नंबर म्हटला, अंगणात म्हणायचो तसा. तो टाइप करत गेला. बॅगेला ‘मोचीला’ म्हणतात हे मला आठवलं, कारण मोची.

चूक माझ्याकडूनच झाली. घाबरून मी दोन-तीनदा ‘ए पेर्दीदो’ म्हणालो होतो. छापलेला कागद त्यानं पुढं सरकवला, वर पेन ठेवलं आणि खाली बोट लावलं, “फिर्मा.” माझा हात गेला. आणि हातावर तुमचा फटका बसला, खरंच बसल्यासारखा झाला. मी पेन खाली ठेवलं. चष्म्याशिवाय कागद लांब धरून एकेक ओळ वाचायला लागलो. कळत काहीच नव्हतं, मी फक्त ओळखीचा शब्द शोधत होतो. तिसऱ्या परिच्छेदात सापडला : एक्स्त्राबीओ. गहाळ.

मी मान हलवली. “नो एक्स्त्राबीओ. उर्तो.” तो बघत राहिला. त्यानं मूठ उगारून दाखवली, मारहाण झाली का? मी म्हटलं, “नो रोबो. उर्तो.” नकाशा धरल्याचं नाटक केलं, दुसऱ्या हातानं बॅग उचलल्याचं केलं. त्याच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. त्यांच्या कायद्यातही तेच आहे जिभाऊ, तुमचं ३७९ आणि ३९२. नुसतं उचललं तर उर्तो, बळ किंवा धाक वापरला तर रोबो. उर्तोतही माल ४०० युरोंच्या वर गेला की गुन्हा मोठा होतो, म्हणून त्यानं किंमत पुन्हा विचारली. कागद नव्यानं छापला. मी पुन्हा वाचला, मग सही केली. “ऊना कोपिआ, पोर फाबोर.” शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय उठलो नाही.

पुढचं झटपट सांगतो. तो कागद दाखवून माद्रिदच्या आपल्या वकिलातीत परतीपुरतं तात्पुरतं प्रमाणपत्र मिळालं, एकदाच भारतात येण्यापुरतं. तेच घेऊन मुंबईला उतरलो. नव्या पासपोर्टच्या अर्जाला आणि विम्यालाही तोच कागद जोडलाय. आल्मेरियाची शेती मात्र बघायची राहिली. ती गटातल्यांनी काढलेल्या फोटोंत बघितली.

एक काम तेवढं बाकी आहे. मी उठलो तेव्हा त्या पोरानं विचारलं, उर्तो, एक्स्त्राबीओ हे शब्द तुला शिकवले कुणी? निदान मला तरी प्रश्न तसाच कळला. आता ‘जिभाऊ’ला स्पॅनिशमध्ये काय म्हणणार? मी म्हटलं, “मि एर्मानो. पोलिथिआ. इंदिआ.” माझा भाऊ, पोलीस, भारत. तो खुर्चीतून उठला, “कोम्पान्येरो!” म्हणाला आणि छातीवर हात ठेवून पुढं एक शब्द बोलला, “सालूदोस.” कोम्पान्येरो म्हणजे खात्यातला सोबती आणि सालूदोस म्हणजे रामराम सांगा, हे पुतणीनं नंतर सांगितलं.

तुमच्या नावाचा तो रामराम दोन महिने माझ्याकडं पडून आहे. दोनदा ओट्यावर तोच द्यायला आलो होतो. घ्या, मिळाला म्हणा.

तुमचाच,
तापीकाठचा केळीवाला