वॉशर जागेवर होता, त्याबद्दल

प्रिय स्वयंसेवक अग्निशामकांनो,

सप्रेम नमस्कार.

आग विझली की आभार मानायला बरेच जण येतात. त्यांनी ज्वाळा पाहिलेल्या असतात, शिडी पाहिलेली असते. पंप, पाइप आणि बीए सेट (पाठीवरच्या सिलिंडरमधून मास्कमध्ये हवा देणारं श्वसनयंत्र) हाताळणाऱ्या आमच्यासारख्यांचे आभार मात्र सक्शन पाइपाच्या, म्हणजे तळ्यातून पंपात पाणी आणणाऱ्या पाइपाच्या, कपलिंगमधल्या (जोडामधल्या) रबरी वॉशरपासून सुरू होतात.

हा वॉशर चिरला, कडक झाला किंवा त्याखाली वाळूचा कण अडकला, की तळ्याकाठी लावलेला पंप पाणी उचलत नाही. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो खरं, पण पाण्याला वर ढकलते ती बाहेरची हवा. समुद्रसपाटीला हिशेबाप्रमाणे ती पाणी १०.३ मीटर चढवेल. प्रत्यक्षात ७ मीटरच्या पुढे भरवसा धरू नये, आणि जोडातून हवा शिरली तर तेवढंही मिळत नाही. व्हॅक्यूम गेजचा काटा चढतो, थरथरतो आणि पडतो. इंजिन नुसतंच ओरडत राहतं आणि भोवतालचे लोक म्हणतात, पंप खराब आहे. पंप बहुतेक वेळा धडधाकट असतो. तीन-चार जोडांपैकी एक गळत असतो, आणि अंधारात, धावपळीत तो सापडत नाही.

तो आधीच शोधावा लागतो. सक्शन पाइप जोडायचा, टोक झाकणाने बंद करायचं, डिलिव्हरीचे, म्हणजे पाणी बाहेर सोडणारे, सगळे व्हॉल्व्ह बंद करायचे, प्राइमर (पंपातली हवा बाहेर काढणारं उपकरण) चालवून व्हॅक्यूम धरायचा, प्राइमर थांबवायचा आणि मिनिटभर काट्याकडे बघत बसायचं. काटा घसरला की एकेका जोडाशी कान लावायचा. याहून कंटाळवाणं काम शोधून सापडणार नाही. दिवसभराची नोकरी किंवा शेती आटोपून तुम्ही ते इतकी वर्षं करत आलात. सक्शनची जाळी पाण्यात पुरेशी खोल, पण तळाच्या गाळापासून वर राहावी म्हणून तिला दोर बांधायची सवयही तुम्ही मोडली नाहीत. जाळी पृष्ठभागाजवळ राहिली तर भोवरा होऊन हवा आत जाते आणि चालू ब्रांच (पाइपाच्या टोकाची पाणी मारायची तोटी) मध्येच फुसफुसते. ब्रांच धरून जो आत गेलेला असतो, त्याला ती फुसफुस फार मोठी ऐकू येते.

पाइपांबद्दल तर लिहावं तेवढं थोडं. ६३ मिलिमीटरच्या १५ मीटर पाइपात साधारण ४७ लिटर पाणी मावतं, म्हणजे भरलेला एक पाइप सरकवायचा तर पाण्याचंच वजन ४७ किलो. काम संपल्यावर तो खांद्यावरून हातोहात पुढे घेत रिकामा करायचा, चिखल ब्रशने काढायचा, टांगून सावलीत वाळवायचा. ओला गुंडाळला तर सुती आवरणाला बुरशी धरते, आणि पुढच्या वेळी प्रेशर चढताच तो नेमका फाटतो. वाळल्यावर घडी मागच्या जागी पडू न देता थोडी सरकवून गुंडाळायचा, नाहीतर त्याच रेषेवर अस्तर तडकतं. कपलिंग जमिनीवर आपटलं की कडा चेपते आणि ते बसत नाही. तुमच्याकडचे नवे लोक कपलिंग दोन्ही हातांनी खाली ठेवतात. हे त्यांना कोणीतरी ओरडून शिकवलंय. त्या ओरडणाऱ्याचेही आभार.

आता पाण्याचा हिशेब. १३ मिलिमीटर तोंडाच्या ब्रांचमधून ७ बार प्रेशरला मिनिटाला साधारण ३०० लिटर पाणी जातं आणि धरणाऱ्याला मागे १९ किलोचा धक्का बसतो. गाडीवर ४५०० लिटर असले आणि दोन ब्रांच उघड्या असल्या, तर टाकी साडेसात मिनिटांत रिकामी. जवळ पाणी कुठे आहे, तिथवर गाडी जाते का, दुसरी गाडी किती वेळात भरून परतेल, हे आग लागायच्या आधी ठाऊक असणारी माणसं म्हणजे तुम्ही. ब्रांच वेळेवर बंद करायची शिस्तही तुमचीच. बघ्यांना ती निष्काळजी वाटते, आणि "पाणी मारा ना!" अशी ओरड आम्ही पुष्कळ ऐकली आहे.

या शिस्तीची किंमत कुठे मोजली गेली तेही सांगायला हवं. २ डिसेंबर १९९८ रोजी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात लिंटनजवळ वणवा लागला होता. पाणी भरायला निघालेल्या एका टँकरवरचे पाच स्वयंसेवक अचानक वारा फिरल्यामुळे आगीत सापडले आणि पाचही जण गेले. नंतर तिथल्या दलाने टँकरवर काही पाणी स्वतःच्या बचावासाठी राखण्यावर भर दिला. त्याच घटनेनंतर ४ मे हा जागतिक अग्निशामक दिन पाळला जाऊ लागला. तुमच्या गाडीवर टाकीच्या काचेला जी लाल रेघ ओढलेली आहे, तिच्याखाली तुम्ही कधी जात नाही. ती रेघ बघून आम्हाला बरं वाटतं.

बीए सेटचं थोडक्यात. ६.८ लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरला की साधारण २००० लिटर हवा होते. कागदावर ती पन्नास मिनिटं पुरते. जिना चढून, पाइप ओढत, धापा टाकत काम करणारा माणूस ती पंचविसाच्या आत संपवतो. साधारण ५५ बारला शिट्टी वाजते, तेव्हा त्याच्याकडे पाचएक मिनिटंही नसतात. म्हणून दारावर उभं राहून आत गेलेल्यांची नावं, वेळ आणि गेजचा आकडा पाटीवर लिहिणारा माणूस फार मोलाचा. त्याचा फोटो कधी येत नाही. आणि मास्क गालाला हवाबंद बसावा म्हणून ज्यांनी हौसेची दाढी उतरवली, त्यांचेही आभार मानून टाकतो.

आग विझल्यावर दोन-तीन तासांनी तुम्ही पुन्हा त्याच जागी जाता, तेव्हा घरमालकही कधी वैतागतो. पण कापसाच्या गाठी, भुसा, गाद्या आतून धुमसतात. साधं पाणी वरून ओघळून जातं, म्हणून त्यात थोडं फोम मिसळायचं, गाठ फोडायची, आतला थर उलगडायचा, हाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब बघायची. कंटाळा केला की पहाटे तीच आग दुसऱ्यांदा लागते.

एक गोष्ट मात्र आभाराबरोबर दटावून सांगायची आहे. अग्निशामकाचं काम कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये ठरवलं, आणि तेही सर्वांत ठाम गटात. काजळी मानेच्या, मनगटाच्या कातडीतूनही आत जाते. पगारी जवानाचे कपडे केंद्रावर राहतात. तुमचे बहुतेकदा तुमच्याच गाडीत, मुलांच्या सीटशेजारी. जागेवरच साबणपाण्याने आणि ब्रशने धुऊन घ्या, कपडे बंद पिशवीत भरा, हुड (डोक्या-मानेवरचं कापडी आवरण) दर वेळी बदला. काळवंडलेला कोट शौर्याची खूण आहे असं अजूनही काही जुनी मंडळी मानतात. त्यांचा आम्ही आदर करतो, पण कोट धुवा.

तुमच्या घरच्यांना आमचा नमस्कार सांगा. जेवणावरून उठून जाणाऱ्या माणसाचं ताट झाकून ठेवायचं काम त्यांनी केलं.

आपले,
पंपाच्या मागच्या बाजूची काही माणसं

ता. क. सक्शनचे सुटे वॉशर पेटीच्या वरच्या कप्प्यात ठेवा. मागच्या तपासणीत ते पान्यांच्या खाली निघाले, आणि दोन चपटे झाले होते. ते बदला.