तारवटी (खलाशी) काकांचे जाहीर आभार

काका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की "जा रे, चहा घे" म्हणून तुम्ही विषय उडवून लावता. म्हणून हे सगळ्यांसमोर.

अलास्काला जायचं ठरलं तेव्हा आमची तयारी स्वेटरांपुरतीच होती. तुम्ही सोप्यावर बसवून मार्ग सांगितलात: सुवर्ड बंदरातून निघा, पण उपसागरातूनच परतणारी छोटी फेरी नको, कीनाय फ्योर्ड्समध्ये (हिमनद्यांनी कोरलेल्या खाड्यांचं राष्ट्रीय उद्यान) आयलिक हिमनदीपर्यंत जाणारी दिवसभराची घ्या. बाहेर अलास्काच्या आखाताची लाट लागते, तेव्हा मळमळीची गोळी बोटीत चढण्याआधीच घ्या. खरंच लाट लागली आणि हौसेने नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, उभे राहिलेले पटापट आत पळाले. आम्ही तुम्ही सांगितल्याप्रमाणे मागे, मधोमध, नजर क्षितिजावर. हिने तर डबा उघडला!

समुद्री हुद, म्हणजे पाणमांजर, पाहिला. आपल्या खाजणातला हुद पोहतो, हा पाठीवर पडून राहतो, छातीवर शिंपला ठेवून फोडतो. सीलसारखा चरबीचा थर त्याला नसतो, सगळी थंडी दाट केसांवर निभावतो. पफिन नावाचे समुद्रपक्षी उडताना इतके भराभर पंख मारतात की बघणाऱ्यालाच दम लागावा. सी लायन, म्हणजे सीलसारखे समुद्री प्राणी, बसतात त्या खडकाचा वास मात्र असा, की म्हापशाच्या सुक्या मासळीत वाढलेलं माझं नाकही मागे सरलं. देवमाशाचा नुसता फवारा दिसला, तोही लांबून. चालायचंच.

पण खरे आभार हिमनदीपाशी मनातल्या मनात मानले. तिथे इंजिन बंद करतात, तेव्हा "ओगी राव, आयक" (गप्प राहा, ऐक) असं तुम्ही बजावलं होतं. मोबाईल खिशात घातला. भोवतीच्या पाण्यात बर्फाचे तुकडे तडतडत होते. बर्फात दाबून राहिलेली जुनी हवा वितळताना फुटते, तो आवाज. काही तुकड्यांवर सील पिल्लं घेऊन पहुडलेले. मग निळ्या कड्याचा एक भाग निसटला. पडताना आधी दिसला, गडगडाट मागाहून आला. शेजारचे लोक तोवर व्हिडिओ नीट आला का ते बघत होते.

तुमची उमर जहाजावर गेली, पण एवढं बारीक सांगणारा तारवटी विरळाच. माझा मावसभाऊ पुढच्या उन्हाळ्यात निघालाय, त्यालाही तुमच्याकडे धाडतो. आणि चवथीला या, नेवऱ्या बाजूला काढून ठेवतो.

तुमचा शेजारी,
डिचोली