विषय: हवा गळणारे एअर पिस्तूल, आठ वर्षे जुने सिलिंडर आणि तुमच्या सर्व्हिस विभागाची भाषा

व्यवस्थापक,

आमच्या कोल्हापूरच्या क्लबसाठी तुमच्याकडून घेतलेले 10 मीटरचे एअर पिस्तूल हवा धरत नाही. आज तुमच्या सर्व्हिस विभागाने जे ऐकवले, त्यानंतर पुन्हा फोन करणार नाही. लेखीच घ्या.

हवेचे सिलिंडर 200 बार दाबापर्यंत भरून पिस्तुलाला लावून ठेवले की सकाळी काटा 140 च्या आसपास येतो. तेच सिलिंडर काढून नुसते ठेवले तर काटा हलत नाही. म्हणजे सिलिंडरचा व्हॉल्व्ह ठीक आहे, गळती पिस्तुलात आहे. सिलिंडर बसते त्या सांध्यावर साबणाचे पाणी लावले की एकाच जागी बुडबुडे येतात. ओ-रिंग, म्हणजे सांधा बंद करणारी रबरी कडी, बदलली, सिलिकॉन ग्रीसचा हात दिला, तरी बुडबुडे तिथेच. भिंगातून पाहिल्यावर कारण दिसले: ओ-रिंग जिथे टेकते त्या धातूच्या कडेवर आडवी रेघ आहे. अशा चरेवर कितीही नव्या ओ-रिंग घाला, हवा वाट काढणारच. तो भागच बदलावा लागेल. नव्या, सीलबंद पिस्तुलावर ही रेघ आली कशी, याचे उत्तर मला हवे आहे.

हे सगळे तुमच्या माणसाला सांगितले. तो म्हणाला, "पेलेट बदलून बघा, 4.49 ऐवजी 4.50 मिमीचे वापरा." रात्रभर पिस्तूल रिकामे ठेवलेले असते, त्यात पेलेट, म्हणजे छर्राच, नसतो. मग म्हणाला, "हातपंपाने रोज भरत जा." पावसाळ्यात हातपंपाने दमट हवा आत गेली की पाणी साचते आणि व्हॉल्व्ह आतून गंजतो. आम्ही कोरड्या हवेच्या डायव्हिंग सिलिंडरवरून, तेही सावकाश भरतो. हे सांगितल्यावर तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मॅडम, तिथे कोणी जाणकार पुरुष माणूस असेल तर त्यांना फोन द्या ना." मी म्हटले, इथली प्रशिक्षक मीच आहे. त्यावर, "हो, पण बंदुकीतलं कळणारं कोणी?" फोन स्पीकरवर होता. समोर सरावाला आलेल्या मुली उभ्या होत्या, त्यांनी हे ऐकले. याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 2010 साली म्युनिकला जागतिक अजिंक्यपद जिंकले आणि राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलाचे सुवर्ण आणले. नेमबाजीच्या सामानावर ज्यांचे दुकान चालते, त्यांनी पिस्तूल विकत घेणाऱ्या बाईला हे विचारावे?

दुसरी गोष्ट सिलिंडरची. त्यावरच्या निर्मितीच्या तारखेप्रमाणे वापराच्या दहा वर्षांच्या मुदतीपैकी आठ वर्षे विकण्याआधीच सरलेली आहेत. मुदत संपलेले सिलिंडर स्पर्धेच्या तपासणीत बाद होते, आणि 200 बारच्या दाबाखालची ती वस्तू मुलींच्या हातात असते. बिलावर तारखेचा उल्लेख नाही, विकतानाही कोणी सांगितले नाही. पेलेटचे डबेही एका लॉटचे मागितले होते, तळाच्या चिठ्ठ्यांवर दोन वेगळे लॉट निघाले.

पैसे भरेपर्यंत तुमची माणसे दिवसातून दोनदा फोन करत होती. आता "पुरुष माणसाला द्या".

खराब भाग विनामूल्य बदला आणि पिस्तूल 24 तास दाबाखाली ठेवून आधीचे व नंतरचे आकडे लेखी द्या. सिलिंडर याच वर्षीच्या तारखेचे हवे. पेलेट बदलून द्या. त्या माणसाने क्लबची लेखी माफी मागावी, यात तडजोड नाही. पंधरा दिवसांत हे झाले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. जिल्ह्यातले बाकीचे क्लब खरेदीआधी मला विचारतात, त्यांनाही हे पत्र देईन.

पिस्तूल न्यायला माणूस पाठवा. भरलेले सिलिंडर कुरिअरने पाठवू नये, म्हणून ते रिकामे करून पिस्तुलापासून वेगळे ठेवले आहे. बिलाची प्रत आणि त्या रेघेचे फोटो सोबत जोडले आहेत.

मुख्य प्रशिक्षक