सुई खाली ठेवणाऱ्या पार्लरवाल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

पत्र कशाला, येऊन सांगायचं की, असं तुम्ही म्हणाल. पण तुमच्याकडे कायम चारजणी नंबर लावून बसलेल्या आणि तुमच्या दातात आयब्रोचा दोरा, मग बोलायचं कधी? शिवाय हे त्या चारजणींनीही वाचावं असं वाटतं, म्हणून उघडंच लिहिते.

ऐन लग्नसराईत मी तुमच्याकडे क्लीनअपला आले होते. डोळ्यांखाली ते पांढरे, टणक दाणे. ना दुखत, ना खाजत, ना जात. सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. कोणी म्हणे चुना लाव, चामखिळीसारखे गळून पडतील, कोणी म्हणे टूथपेस्ट, तर जाऊबाईंच्या मते अंगातली उष्णता. मी सरळ तुम्हालाच म्हटलं, तेवढे टोचून काढून टाका.

तुम्ही भिंगाचा दिवा ओढलात, दोन बोटांनी कातडी ताणून बराच वेळ पाहिलंत आणि हातातली सुई परत ट्रेमध्ये ठेवलीत. "याला तोंडच नाही. ब्लॅकहेडला तोंड असतं, दाबलं की बाहेर येतं. हे दाबून काय होणार, नुसता डाग पडेल. आणि डोळ्याच्या इतक्या जवळ मी सुई लावत नाही. स्किनच्या डॉक्टरांना दाखवा." वर त्या दिवसाचे पैसेही घेतले नाहीत. सीझनमध्ये हातचं गिऱ्हाईक असं परत पाठवायला काय लागतं, ते धंदा करणाऱ्यालाच ठाऊक.

डॉक्टरीणबाईंनी तुमचंच म्हणणं जरा लांबवून सांगितलं. याला मिलिया म्हणतात. आपल्या कातडीत, केसांत, नखांत जे केराटिन असतं, ते बाहेर न पडता वरच्याच थराखाली बारीकशा पिशवीत साठतं. हा मुरूम नव्हे, पू नसतो, जंतू नसतात, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप जातात, पण मोठ्या माणसांत कधीकधी मुक्काम ठोकतात. पापणीच्या आतल्या कोपऱ्याशी पिवळसर, चपटे चट्टे असले तर गोष्ट वेगळी, मग कोलेस्टेरॉल तपासावं लागतं. माझे तसे नाहीत, हे त्यांनी आधी पाहून घेतलं. गालावरचे दोन-तीन दाणे मात्र दिवाळीत अनारसे तळताना तेल उडून फोड आला होता, नेमके तिथलेच निघाले. भाजल्या-खरचटल्या जागी कातडी भरून येताना असं होतं म्हणे.

काढायचं काम बघण्यासारखं होतं, म्हणजे नंतर आरशात. निर्जंतुक सुईच्या टोकाने वरच्या कातडीला इवलीशी चीर, मग हलका दाब, आणि कापसावर राजगिऱ्याएवढा पांढराशुभ्र मणी! भूल नाही, टाका नाही. तोंड नव्हतं, ते करून दिलं, एवढंच. पण ते घरी करायचं काम नव्हे, हे त्यांनी मला दोनदा बजावलं.

गालासाठी रात्री लावायला अ‍ॅडापालिनची ट्यूब दिली. वाटाण्याएवढीच घ्यायची, पापण्यांना लावायची नाही, आणि दिवस गेलेले असतील किंवा तसा विचार असेल तर अजिबात नाही. फरक दिसायला आठवडे लागतात. दिवसा सनस्क्रीन. डोळ्यांखाली जाड, तेलकट क्रीम थापायचं बंद, मेकअप रात्री पूर्ण उतरवायचा, आणि जोरजोरात स्क्रब घासायचा नाही. एवढं पाळूनही एखादा दाणा परत येऊ शकतो, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला ते आवडलं. हमखास उपायवाल्यांपासून मी तशी लांबच असते.

तुमच्या आरशावरची ती चिठ्ठी, 'गोरं होण्याची ट्यूब लावत असाल तर आधी सांगा', तिचा अर्थ मला तिथे कळला. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं. महिनोन् महिने लावलं की कातडी पातळ पडते, लाली येते, मुरूम येतात, कधी मिलियासुद्धा. 2018 मध्ये कायद्यात बदल होऊन अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आली, तरी आमच्या कोपऱ्यावर ती बिस्किटाच्या पुड्यासारखी मिळतात. तुम्ही हे प्रत्येकीला विचारता, तेव्हा कोणी नाक मुरडतं, हे मी पाहिलंय. तरी विचारत राहा.

तुमच्यामुळे परवा बारशालाही मला तोंड उघडता आलं. बाळाच्या नाकावर तसेच दाणे होते आणि मालीशवाल्या मावशी पिठाची गोळी फिरवून ते काढायच्या बेतात होत्या. जवळजवळ निम्म्या नवजात बाळांना हे असतात आणि काही आठवड्यांत जातात, हे डॉक्टरांकडून ऐकलेलं मी तिथे ठणकावून सांगितलं. मावशी रुसल्या, पण गोळी बाजूला ठेवली.

पुढच्या आठवड्यात आयब्रोला येते आहे. त्या दिवसाचे पैसे त्यात धरून देणार आहे, या वेळी नको म्हणायचं नाही.

तुमची,
दोरा लागला की ओरडणारी