भरत नाट्य मंदिराच्या दारावरच्या दादांना

सप्रेम नमस्कार.

विनोद महोत्सवात सगळ्यात जास्त प्रयोग कोण बघतो, अशी प्रेक्षकांची पैज लागली होती. त्या पैजेचं, दर प्रयोगाला शिक्का मारून घ्यायचं कार्ड गळ्यात अडकवून काठी टेकत येणारी बाई म्हणजे मी. नाव सांगून उपयोग नाही, गुडघ्यावरून ओळखाल.

स्कॉटलंडमधल्या एडिंबरोला १९४७ साली आठ नाटकमंडळ्या आमंत्रण नसताना जाऊन थडकल्या आणि त्यातून तिथला फ्रिंज हा नाट्यमहोत्सव उभा राहिला. अजूनही दर ऑगस्टला लोक तिथे एका प्रयोगातून उठून दुसऱ्याला पळतात. भाच्याकडून हे ऐकलं होतं, म्हणून म्हटलं, आपल्या पुण्यात तरी पळून बघू.

पळणं राहिलं बाजूला, बसायलाच जागा मिळेना. एका सभागृहात (नाव कशाला घ्या!) मधल्या खुर्चीत अडकले, गर्दीतून बाहेर येईतो शिक्क्याचं टेबल उचललेलं. हातात फाडलेलं तिकीट होतं, तरी तिथला मुलगा म्हणाला, "आता काही करता येणार नाही. आणि आजी, या वयात कशाला दगदग? घरी यूट्यूबवर बघा की!" त्याच्या हातातलं शाईचं पॅड अजून ओलं होतं हो.

दुसऱ्या दिवशी बालगंधर्वहून निघाले तर धो धो पाऊस. रिक्षावाल्यांना सदाशिव पेठ म्हणजे फार जवळ. भरतला पोचले तेव्हा तिसरी घंटा होऊन गेली होती. तुम्ही टॉर्चचा उजेड माझ्या पायांपुढे धरलात आणि कडेच्या खुर्चीवरचा निळ्या चौकड्यांचा रुमाल उचलून, घडी घालून खिशात टाकलात. "बसा. पाय लांब करा." बास, एवढंच.

पाय लांब करावा लागतो हे मी तुम्हाला कधी सांगितलं होतं? आदल्या दिवशी बघून ठेवलं असणार तुम्ही. शेजारची मुलगी नंतर म्हणाली, "दोघंतिघं मागायला आले होते ही खुर्ची. काका प्रत्येकाला सांगत होते, आहे माणूस, येतायत." मी येणार हे माझं मलाच धड माहीत नव्हतं. समोर स्टेजवर हशा पिकत होता आणि मी डोळे पुसत होते. लोकांना वाटलं, हसून हसून पाणी आलं.

त्या आठवड्यात पुणेरी पाट्या, दुपारची झोप आणि आपला तिरसटपणा यांवर इतके विनोद ऐकले की पाठ झाले. तुमच्यावर मात्र कुणी विनोद करणार नाही. सरळ वागणाऱ्या माणसावर टाळी मिळत नाही, त्यामुळे अशी माणसं या शहरात किती आहेत याचा हिशेबच कुणी ठेवत नाही. मला तर वाटतं, पाट्यांपेक्षा जास्तच असतील.

पैज स्कूटरवरच्या एका कॉलेजकुमाराने जिंकली. त्याचे गुडघे चांगले आहेत, जिंकू दे.

पुरुषोत्तम करंडक स्पर्धेतल्या कॉलेजच्या एकांकिकांना येणार आहे. त्या आरोळ्यांच्या गर्दीत खुर्चीवर रुमाल मात्र टाकू नका, पोरं पळवतील.

आपली,
कडेच्या खुर्चीवरची ताई