रत्नागिरीत एक मुक्काम वाढवा

दिवाळीच्या सुटीत आपल्या मराठवाड्यातल्या गाड्या गणपतीपुळ्याचं दर्शन घेऊन थेट माघारी फिरतात. आम्ही यंदा रत्नागिरी शहरात दोन दिवस राहिलो. टिळकांचं जन्मघर, पतितपावन मंदिर, रत्नदुर्गावरची भगवती, सारं पाहिलं. पण जीव अडकला तो थिबा पॅलेसमध्ये. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढून देशाबाहेर आणलं. १९१६ मध्ये तो इथंच वारला. मायदेश पुन्हा दिसलाच नाही!

मांडवीच्या काळ्या वाळूवर माझ्या आईनं साठी उलटल्यावर पहिल्यांदा समुद्र पाहिला. साडीच्या निऱ्या भिजल्या, तरी ती पाण्यातून बाहेर येईना. शाळेच्या सहली आखणाऱ्या गुरुजनांना कळकळीची विनंती, आपल्या लेकरांना रत्नागिरी निवांत दाखवा.

— एक वाचक, परभणी