मदत हवी ती कॅमेऱ्याच्या आधी आणि नंतर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विद्यापीठांनी ऑनलाइन लघुअभ्यासक्रम सुरू करावेत, असा आग्रह आता सगळीकडून होतो. त्यासाठी बहुधा पहिल्यांदा स्टुडिओ उभा राहतो: कॅमेरे, दिवे, हिरवा पडदा. प्राध्यापकांना तारीख दिली जाते, ते तासातासाची व्याख्याने रेकॉर्ड करून जातात आणि अभ्यासक्रम तयार झाला असे धरले जाते. असे अभ्यासक्रम उभे करायला आणि चालवायला अध्यापकांना मदत करणे हे आमचे काम आहे. चित्रीकरण हा त्यातला सर्वांत सोपा टप्पा. खरी मदत लागते ती चित्रीकरणाच्या दोन-तीन महिने आधी आणि अभ्यासक्रम खुला झाल्यानंतर. नेमकी तेव्हाच ती मिळत नाही.

सुरुवात एका पानाने व्हावी. शिकणारा कोण, त्याला आधीपासून काय येते आणि शेवटी त्याला काय करता आले पाहिजे, एवढेच त्यावर लिहायचे. आठवड्याला ३ तास मागणाऱ्या ४ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला तीन-चार उद्दिष्टे पुरतात. ‘संख्याशास्त्राची ओळख होईल’ हे उद्दिष्ट तपासता येत नाही. ‘दिलेल्या सर्वेक्षणातला नमुना पुरेसा आहे का हे ठरवून त्याचे कारण लिहिता येईल’ हे तपासता येते. पान पक्के झाले की आधी शेवटचा स्वाध्याय लिहावा, मग त्याकडे नेणारा सराव आणि सर्वांत शेवटी वाचनसाहित्य व व्हिडिओ. हा उलटा क्रम प्राध्यापकांना जड जातो, कारण स्लाइड त्यांच्याकडे तयारच असतात. पण स्लाइडपासून सुरुवात केली की अख्ख्या सत्राचा मजकूर चार आठवड्यांत कोंबला जातो आणि ३ तासांचा म्हणून जाहीर केलेला आठवडा प्रत्यक्षात सहा-सात तास खातो. नोकरी सांभाळून शिकणारा माणूस दुसऱ्याच आठवड्यात मागे पडतो, तो यामुळे.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये विकसित झालेली ‘एबीसी’ कार्यशाळा इथे उपयोगी पडते. दीड तासात विषयशिक्षक आणि साहाय्यक मिळून आठवड्यानुसार सहा प्रकारची कार्डे मांडतात: वाचणे-ऐकणे, शोध, सराव, चर्चा, सहकार्य आणि निर्मिती. पहिल्या मांडणीत बहुतेक वेळा वाचण्या-ऐकण्याच्या कार्डांचीच रांग लागते. ते टेबलावर डोळ्यांनी दिसले की वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्याच मांडणीवरून तक्ता करायचा आणि प्रत्येक पायरीपुढे मिनिटे लिहायची. अभ्यासाचे वाचन मिनिटाला १०० शब्दांच्या हिशेबाने धरावे, चर्चेत एक नोंद लिहायला आणि दोन वाचायला किमान १५ मिनिटे. बेरीज ३ तासांवर गेली तर मजकूर काढायचा. वेग वाढवून भागत नाही.

व्हिडिओबद्दल ‘६ मिनिटांचा नियम’ सर्रास सांगितला जातो. तो २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून आला. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरील चार अभ्यासक्रमांतली, व्हिडिओ पाहण्याची ६९ लाख सत्रे त्यात तपासली होती आणि प्रेक्षक साधारण ६ मिनिटांपर्यंत टिकतात असे दिसले होते. त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष मात्र फारसा कोणी सांगत नाही: वर्गातल्या व्याख्यानाचे तुकडे करण्यापेक्षा ऑनलाइनसाठी आधी आखून केलेले व्हिडिओ जास्त पाहिले जातात. म्हणून ५० मिनिटांचे व्याख्यान आठ जागी कापणे हा उपाय नव्हे. एका व्हिडिओत एकच मुद्दा, त्याची सहा-सातशे शब्दांची संहिता आणि मोठ्याने एकदा वाचन, एवढे तरी व्हावेच. चित्र थोडे फिके चालते, आवाज फिका चालत नाही. कॉलरला लावलेला साधा माइक आणि पंखा बंद केलेली, पडदे असलेली खोली यांनी महागड्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त फरक पडतो. आणि बोलताना ‘गेल्या महिन्यात’, ‘यंदा’, ‘तिसऱ्या आठवड्यात पाहू’ असे शब्द टाळावेत. पुढच्या तुकडीत क्रम बदलला की तो व्हिडिओ बाद होतो. तारखा आणि क्रम पानावरच्या मजकुरात लिहावेत, तिथे ते मिनिटभरात बदलता येतात.

आपोआप तयार होणारी उपशीर्षके नेमकी पारिभाषिक शब्द, विशेषनामे आणि आकडे यांवर चुकतात, म्हणजे जिथे अचूकता सर्वांत जास्त हवी तिथेच. ती विषय जाणणाऱ्याने तपासलीच पाहिजेत. संहिता हाती असेल तर हे काम निम्म्याने हलके होते. चित्रांच्या हक्कांचा प्रश्नही असाच शेवटपर्यंत राहून जातो. वर्गात दाखवलेली पाठ्यपुस्तकातली आकृती खुल्या अभ्यासक्रमात तशीच वापरता येईल असे नाही, आणि प्रकाशकाची परवानगी यायला कित्येक आठवडे लागतात. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचे, म्हणजे ठरावीक अटींवर कोणालाही वापरू दिलेले चित्र घेतले तरी त्या अटी वाचाव्यात: ‘एनडी’ असेल तर बदल करून ते प्रसिद्ध करता येत नाही, ‘एनसी’ असेल तर शुल्क घेणाऱ्या अभ्यासक्रमात अडचण येऊ शकते. चित्र, स्रोत, परवाना आणि तारीख यांची नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवावी.

चाचण्यांत प्रत्येक चुकीच्या पर्यायाला स्वतःचे स्पष्टीकरण हवे. ‘उत्तर चूक आहे’ एवढ्याने कोणी शिकत नाही. १० प्रश्नांच्या चाचणीसाठी ३० प्रश्नांची पेढी असेल तर दोन-तीन प्रयत्न देता येतात. सहाध्यायींकडून मूल्यमापन करून घ्यायचे तर निकष ‘आहे/नाही’ असे स्पष्ट असावेत. तुकडी लहान असेल किंवा काही जणांनी उशिरा स्वाध्याय दिला तर त्यांना तपासणारेच उरत नाहीत. अशांचे स्वाध्याय कोण पाहणार हे आधी ठरवून ठेवावे.

अभ्यासक्रम खुला करण्यापूर्वीची तपासणी विद्यार्थ्याच्या खात्यातून करावी, शिक्षकाच्या नव्हे. शिक्षकाला लपवलेली पानेही दिसतात, त्यामुळे सारे ठीक आहे असा भास होतो. मोबाइलवर प्रत्येक पान उघडून पाहावे. संगणकावर सुबक दिसणारा तक्ता तिथे अर्धाच दिसतो. सर्वाधिक घोळ होतो तो दुसऱ्या तुकडीच्या वेळी. जुना अभ्यासक्रम नकलून घेतला की स्वाध्यायाच्या मुदती किंवा पाने खुली होण्याच्या अटी जुन्याच राहून जातात आणि पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांना कुलूपबंद पाने भेटतात. म्हणून तारखांची स्वतंत्र यादी असावी आणि ती दोघांनी मिळून तपासावी. मुदत ‘रात्री १२’ अशी कधीही लिहू नये. कोणत्या दिवसाचे १२ हे कळत नाही. ‘२३:५९’ लिहावे.

आता चालवण्याबद्दल. याच टप्प्यावर अध्यापक एकटा पडतो, याचे आम्हाला फार वाईट वाटते. पहिल्या आठवड्यात येणारे बहुतेक प्रश्न विषयाचे नसतातच: पासवर्ड चालत नाही, व्हिडिओ अडकतो, प्रमाणपत्र कधी मिळेल. हे प्रश्न प्राध्यापकांपर्यंत जाऊच नयेत. तांत्रिक, प्रशासकीय आणि विषयाचे प्रश्न कोण घेणार याची वाटणी आधी व्हावी, उत्तर किती तासांत मिळेल हे विद्यार्थ्यांना सांगावे आणि ते पाळावे. चर्चामंचावर ‘तुम्हाला काय वाटते?’ विचारले की शांतता पसरते. ‘खालील दोन आलेखांपैकी कोणता दिशाभूल करतो? एक कारण लिहा’ असे विचारले की उत्तरे येतात. मंचासाठी रोजची ३० ते ४५ मिनिटे नावानिशी वाटून द्यावीत. थेट सत्राला दोन माणसे हवीत, एक बोलणारा आणि एक लेखी प्रश्न सांभाळणारा. एकट्याने केले तर दोन्हीकडे दुर्लक्ष होते. दर आठवड्याच्या शेवटी पाच-सहा ओळींचा मेल जावा: काय झाले, कुठे अनेकांची चूक झाली, पुढे काय आहे. मागे पडलेल्यांना परत आणण्यात या मेलचा वाटा मोठा असतो.

आकडे पाहताना नोंदणी आणि पूर्तता एवढ्या दोनच गोष्टी पाहू नयेत. खुल्या मोफत अभ्यासक्रमांत नोंदणी करणाऱ्यांपैकी शेवटपर्यंत पोचणारे थोडेच असतात, कारण अनेकांनी फक्त डोकावण्यासाठी नाव घातलेले असते. पहिली कृती पूर्ण केलेल्यांपैकी किती टिकले आणि नेमके कोणत्या पायरीवर गळाले, हे पाहिले तर दुरुस्त काय करायचे ते कळते. तुकडी संपल्यावर दोन आठवड्यांच्या आत बैठक घेऊन तीनच बदल ठरवावेत.

विद्यापीठांकडे आमची मागणी सरळ आहे. अभ्यासक्रम तयार करण्याचे आणि प्रत्येक तुकडी चालवण्याचे तास अध्यापकाच्या कार्यभारात वेगवेगळे धरा. एका अभ्यासक्रमामागे पहिल्या बैठकीपासून तीन-चार महिने द्या आणि रचना जाणणारा एक साहाय्यक शेवटच्या तुकडीपर्यंत सोबत ठेवा. प्राध्यापक संस्था सोडून गेल्यास साहित्य कोणाचे आणि त्यांच्या चेहऱ्याचे व्हिडिओ पुढे वापरायचे का, हे चित्रीकरणाआधी लेखी ठरवा. संहिता, स्लाइड आणि व्हिडिओच्या संपादन करता येणाऱ्या मूळ फायली कोणाच्याही खासगी लॅपटॉपवर न राहता विद्यापीठाच्या खात्यात, ठरलेल्या नावांनी जमा झाल्याशिवाय अभ्यासक्रम पूर्ण झाल्याची नोंद करू नका.

आपले,
ऑनलाइन अभ्यासक्रम साहाय्य गटातील काही सहकारी